खाती हलवा, पण खातेदाराला साक्षीला घेऊन

दिवाळीच्या सुमारास डहाणूच्या बाजारपेठेत आमच्या शेजारच्या गुजराती पेढ्यांवर लाल पुठ्ठ्याच्या नव्या वह्या येतात. आता सर्वांचे हिशेब संगणकावर असले तरी पूजेपुरती वही लागतेच. आमच्या दुकानात हा बदल मार्चअखेरीस होतो. दिवस वेगळा असला तरी रीत एकच आहे. जुन्या वहीतील प्रत्येक खात्याची बाकी काढायची, ती नव्या वहीत 'मागील बाकी' म्हणून उतरवायची, आणि दोन्ही वह्या निदान चार-सहा महिने शेजारी शेजारी ठेवायच्या. मध्येच कोणी येऊन म्हणाला की शेठ, माझी बाकी एवढी नव्हती, तर जुनी वही काढून त्याच्यासमोर उघडायची. चांगला मुनीम कोण, तर जो जुनी वही माळ्यावर टाकण्याची घाई करीत नाही तो.

हे सांगण्याचे कारण असे की गेल्या काही वर्षांत आपल्या सर्वांच्या वह्या कोणी तरी दुसराच बदलत आहे. बँकेतले आपले खाते, जीएसटीतले आपले खाते, लघुउद्योगाची आपली नोंदणी, ही सारी कुठल्या तरी मोठ्या संगणकात असतात. त्यालाच सर्व्हर म्हणतात. बँक विलीन झाली, कायदा बदलला किंवा यंत्र जुने झाले, की ही खाती एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेली जातात. हे काम बहुधा शनिवार-रविवारी रात्री होते. सोमवारी सकाळी आपल्याला कळते की खाते हलले. कोणी विचारीत नाही, आणि आपणही विचारीत नाही. या प्रश्नाकडे व्यापारी बंधूंनी आणि कारागिरांनी आता गांभीर्याने पाहावे, असे आम्हास वाटते.

वही कोणाची, बदलतो कोण

आपल्या भागाला अगदी जवळचे उदाहरण देना बँकेचे आहे. देवकरण नानजी घराण्याने 1938 साली मुंबईत सुरू केलेली ही बँक 1969 साली सरकारी झाली. गुजरात आणि मुंबई यांच्यामध्ये धंदा करणाऱ्या लोकांची ती जुनी बँक. तलासरीच्या पलीकडे दादरा-नगर हवेलीत तर तीच लीड बँक होती. 1 एप्रिल 2019 रोजी देना आणि विजया या दोन बँका बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या. कागदावरचे विलीनीकरण एका दिवसात झाले, परंतु खाती एका यंत्रणेतून दुसऱ्या यंत्रणेत जायला डिसेंबर 2020 उजाडला. आधी विजया बँकेच्या 2,128 शाखा हलल्या, मग देना बँकेच्या 1,770. पाच कोटींहून अधिक खाती इकडून तिकडे गेली. 1 मार्च 2021 पासून जुने आयएफएससी कोड बंद झाले आणि त्यानंतर महिन्याभराने जुनी चेकबुके रद्द झाली.

हा प्रकार एवढ्यावर थांबला नाही. 1 एप्रिल 2020 रोजी आणखी दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या. 2017 साली ज्या सत्तावीस होत्या त्या आज बारा आहेत. 1 मे 2025 रोजी महाराष्ट्र ग्रामीण आणि विदर्भ कोकण ग्रामीण या दोन बँकांची मिळून एकच महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली. म्हणजे ज्याचे खाते आजवर हलले नाही, त्याचेही उद्या हलू शकते.

सरकारी दप्तरांचेही तेच. 2016 च्या अखेरीस व्हॅटमध्ये नोंद असलेल्या दुकानदारांना तात्पुरता क्रमांक आणि पासवर्ड देऊन जीएसटीच्या नव्या यंत्रणेवर यायला सांगण्यात आले, आणि 1 जुलै 2017 पासून जीएसटी सुरू झाला. जुना टिन क्रमांक गेला. त्याच्या जागी पंधरा अंकाक्षरांचा नवा क्रमांक आला, त्यात आरंभी राज्याचे 27 आणि मध्ये आपला पॅन. आम्हा साध्या कापडवाल्यांना व्हॅट नव्हता, त्यामुळे आम्ही नव्यानेच नोंदलो गेलो, पण तयार कपड्यांच्या दुकानदारांना ही सारी उठाठेव करावी लागली. कारागिरांचे उद्योग आधार 1 जुलै 2020 पासून उद्यम नोंदणीत न्यावे लागले, आणि जुने कागद 30 जून 2022 पर्यंतच चालले. ज्यांनी मुदतीत नेले नाही त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. चिंचणीकडचे डायमेकर असोत की तलासरीतला शिलाई मशीनवाला, कर्ज मागायला गेल्यावर प्रथम हाच कागद मागितला जातो.

तेरीज जुळली म्हणजे झाले काय?

खाती हलविल्यावर बँक अभिमानाने सांगते की एका पैशाचाही फरक आला नाही. ते खरेही असते. पण ज्याने हाताने खतावणी लिहिली आहे त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असे नसते. एका गिऱ्हाइकाचे पाचशे रुपये चुकून दुसऱ्याच्या नावे जमा झाले, तरी तेरीज जुळते. एकाचे नाव चुकले, पत्ता चुकला, मुदत चुकली, तरी तेरीज जुळते. ती फक्त बेरजा तपासते, माणसे तपासत नाही.

आमच्या दुकानातच हे घडले, आणि ती चूक आमची होती. काही वर्षांपूर्वी आम्ही उधारीची वही संगणकावर घेतली. मुलांनी दोन रात्री बसून चारशेच्या वर खाती चढविली. बेरीज पैशापर्यंत जुळली आणि आम्ही खूश झालो. त्यात तलासरी तालुक्यातल्या एकाच पाड्यावरच्या, एकाच नावाच्या आणि एकाच आडनावाच्या दोन बाया होत्या. वहीत एकीच्या नावापुढे आमच्या हातची उर्दूत खूण होती, 'विहिरीजवळची'. मुलांना उर्दू वाचता येत नाही. त्यांना वाटले, एकच बाई दोनदा लिहिली गेली आहे. त्यांनी दोन्ही खाती एक करून टाकली.

पुढे भातकापणीनंतर त्यातली एक बाई पैसे द्यायला आली. आम्ही संगणक पाहून रक्कम सांगितली. ती म्हणाली, शेठ, मी दोन लुगडी आणि पोराचा एक शर्ट नेला, एवढे कसे होतील? तिला लिहिता-वाचता येत नाही. पण कोणत्या बाजाराला काय नेले आणि किती दिले, हे सारे तिला पाठ. आम्ही जुनी वही काढली, आणि तिचे म्हणणे अक्षरशः खरे निघाले. जुनी वही जपून ठेवली नसती, तर आम्ही एका गरीब बाईकडून दुसरीचे पैसे घेतले असते, आणि संगणकाने आम्हाला इमानदार ठरविले असते. त्या दिवशी आम्हास फार शरम वाटली.

आमच्या चारशे खात्यांत असे होते, तर पाच कोटींत काय होत असेल?

नावाचा घोटाळा आणि उर्दूतली सही

यात आपल्या समाजाची एक खास अडचण आहे. आपली नावे अरबी-फारसीतून आली, शाळेत उर्दूत लिहिली गेली, तलाठ्याने ती मराठीत लिहिली, बँकेने इंग्रजीत. एकट्या 'मोहम्मद' या मुबारक नावाचे पाहा. इंग्रजीत कोणी ते दोन अक्षरांत लिहितो, कोणी चार, कोणी सात, कोणी आठ. कोणाचे आडनाव आधी, कोणाचे शेवटी. कुठे 'शेख' आहे, कुठे गाळला आहे. बायकांच्या नावापुढे कुठे 'बी', कुठे 'बानू', कुठे काहीच नाही. जुन्या शाखेतल्या कारकुनाला हे चालत असे, कारण तो माणसाला तोंडाने ओळखत होता. नवे यंत्र अक्षर ओळखते. बँकेतले नाव, आधारवरचे नाव आणि पॅनवरचे नाव यांत एका अक्षराचा फरक पडला, की ते खाते 'जुळत नाही' या यादीत जाते. एका माणसाचे दोन ग्राहक होतात, नाही तर एकाच नावाच्या चुलत्या-पुतण्याचा एक ग्राहक होतो.

दुसरी अडचण सहीची. आमची सही उर्दूत आहे. उर्दू शाळेत शिकलो, पहिल्यांदा खाते उघडले तेव्हा तीच सही केली, आणि आजवर तीच चालू आहे. ज्या बँकांत आमची खाती होती त्यांपैकी एकीने मागे आपली संगणक यंत्रणा बदलली. विलीनीकरण वगैरे काही नव्हते, फक्त यंत्र नवे आले. बँकेचे नाव लिहिण्याचे कारण नाही, कारण असे कुठेही होऊ शकते. त्यानंतर दोनच आठवड्यांत सुरतच्या एका ठोक व्यापाऱ्याला दिलेला आमचा चेक परत आला. खात्यात पैसे होते. शेरा होता, सही जुळत नाही.

आम्ही शाखेत गेलो. तिथल्या बाईंनी भलेपणाने पडदा आमच्याकडे वळवून दाखविला. आमच्या नमुना सहीचे चित्र नव्या यंत्रात आले होते, पण ते उजव्या बाजूने कापले गेले होते. इंग्रजी किंवा मराठी सही डावीकडून सुरू होते, ती उजवीकडून थोडी कापली गेली तर शेवटचा फराटा जातो. उर्दू उजवीकडून सुरू होते. त्यामुळे आमच्या सहीतून आमचे नावच गेले होते, उरले होते ते नुसते आडनाव. शिल्लक मात्र पैशापर्यंत बरोबर होती!

चेक परतीचे शुल्क आमच्या खात्यातून गेले. त्या व्यापाऱ्यालाही त्याच्या बँकेने शुल्क लावले, ते आम्ही भरून दिले. रक्कम त्याच दिवशी आरटीजीएसने पाठविली. पण सुरतच्या बाजारात एक चेक परत गेला की ती बातमी रकमेच्या आधी पोचते. ज्यांच्याशी आमचा वीस वर्षांचा व्यवहार, त्यांनी त्या हंगामात उधारीची मुदत साठ दिवसांवरून तीस दिवसांवर आणली. त्यांचे आम्ही काही चुकले म्हणणार नाही. त्यांच्या जागी आम्ही असतो तर कदाचित तेच केले असते. लग्नसराईचा माल भरण्याच्या वेळी मुदत निम्मी होणे म्हणजे काय, हे कापडवाल्यांना सांगायला नको.

शिवाय यात कायद्याचाही प्रश्न आहे. चेक न वटल्यास कलम 138 खाली फौजदारी होते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण ते फक्त पैसे नसतील तरच, अशी अनेकांची समजूत आहे. लक्ष्मी डायकेम विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली सांगितले की सही जुळत नाही म्हणून परत आलेला चेकही या कलमात बसू शकतो. नोटीस आल्यावर पंधरा दिवसांत पैसे दिले तर माणूस सुटतो हे खरे. तरीही, यंत्राने सही कापली आणि नोटीस खातेदाराच्या दारात, हा न्याय म्हणता येईल का?

विलायतेतही हेच

कोणी म्हणेल, हे आपल्याकडेच होते, परदेशात सारे काटेकोर असते. तसे नाही. इंग्लंडात टीएसबी नावाची बँक आहे. तिची खाती आधीच्या मालकाच्या, म्हणजे लॉइड्स बँकेच्या, यंत्रणेवर होती. एप्रिल 2018 मध्ये एका शनिवार-रविवारी 52 लाख ग्राहकांची खाती नव्या यंत्रणेवर नेण्यात आली. पुढे तिथल्या नियामकांनी चौकशी केली तेव्हा त्यांनी नमूद केले की खात्यांची माहिती नीट हलली होती. मोडली ती यंत्रणा. हिशेब आत सुखरूप होता, पण दार उघडत नव्हते. सुमारे 19 लाख लोकांना आपल्या खात्यापर्यंत पोचता येईना. सारे पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. बँकेच्या प्रमुखाला त्याच वर्षी पद सोडावे लागले, आणि डिसेंबर 2022 मध्ये बँकेला 4 कोटी 86 लाख पौंडांहून अधिक दंड झाला. ग्राहकांना भरपाई द्यावी लागली ती वेगळीच.

यावरून दोन गोष्टी दिसतात. सारे एका रात्रीत हलविण्याची घाई महागात पडते. आणि चूक यंत्राची असली तरी तिची किंमत यंत्र चालविणाऱ्याने भरायची असते. तिथे ती भरली गेली. आमच्या दोन शुल्कांचे पैसे मात्र चार अर्ज आणि सहा महिन्यांनंतर परत आले, आणि सुरतच्या व्यापाऱ्याला 'चूक आमची होती' असे पत्र कोणी दिले नाही. आम्हाला पैशांपेक्षा ते पत्र हवे होते.

अमानत

आपल्या दीनमध्ये या प्रश्नाला उत्तर नाही असे नाही. सूरह बकराची 282 वी आयत ही कुराणशरीफमधील सर्वांत लांब आयत आहे, आणि ती कोणत्या विषयावर आहे? उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्यावर. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, दोन साक्षीदार ठेवावेत, असा तिचा आशय आहे. त्यात एक बारीक गोष्ट अशी की मजकूर कोणी सांगायचा? तर ज्याच्यावर देणे आहे त्याने. म्हणजे ज्याच्या अंगावर त्या लिखाणाचा भार पडणार, त्याच्या तोंडून ते लिहिले गेले पाहिजे. त्याला वगळून लिहिलेल्या हिशेबाला साक्ष कोणाची?

आणि हिजरतची ती रात्र आठवा. हुजूर (स.अ.व.) मक्का सोडून मदिनेला निघाले तेव्हा जीव धोक्यात होता. तरी मक्केच्या लोकांच्या ज्या अमानती त्यांच्याकडे होत्या, त्या ज्याच्या त्याला पोचत्या करण्यासाठी त्यांनी हजरत अली (र.) यांना मागे ठेवले. ज्यांनी छळले त्यांच्याही अमानती त्यांत होत्या. ठिकाण बदलताना अमानत कशी सांभाळावी, याचा याहून मोठा धडा कोणता? बँकेला दीन नसतो, हे आम्ही जाणतो. पण बँकेत ठेवलेले पैसे ही अमानत आहे, आणि अमानत म्हणजे नुसती रक्कम नव्हे. ती ज्याची त्याला, त्याच्या नावाने आणि त्याच्या सहीने मिळाली पाहिजे.

बँकांकडे आमचे मागणे

बँकेचे अधिकारी म्हणतील, लाखो खातेदारांना एकेक करून बोलावणे कसे जमेल? रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत, तज्ज्ञ आहेत, चाचण्या होतात. हे सर्व मान्य आहे. खाती हलवू नयेत असेही आम्ही म्हणत नाही. जुने यंत्र चालवीत राहणे त्याहून धोक्याचे असते, आणि कोअर बँकिंग आल्यामुळेच आज तलासरीत बसून सुरतेला पाच मिनिटांत पैसे जातात. आम्ही मागतो ते फार थोडे आहे.

खाते हलविण्याच्या महिनाभर आधी प्रत्येक खातेदाराला एक पानाचा उतारा द्यावा. त्यावर नाव जसे नव्या यंत्रात दिसणार तसे, पत्ता, मोबाइल क्रमांक, वारसदार म्हणून नेमलेल्या व्यक्तीचे नाव, आणि नमुना सहीचे चित्र असावे. खातेदाराने पाहून 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणावे. जो शाखेत येतो त्याला समोर द्यावा, जो येत नाही त्याला टपालाने पाठवावा. डहाणू-तलासरीच्या शाखांत सूचना मराठीत आणि गुजरातीत लावावी, जिथे उर्दू वाचणारे आहेत तिथे उर्दूतही लावावी. ज्याला वाचता येत नाही त्याला तोंडी वाचून दाखवावी. पाड्यावरच्या ज्या बाईच्या खात्यात 2024 पासून लाडकी बहीण योजनेचे पैसे येतात, तिलाही तेवढाच हक्क आहे.

खाती हलल्यानंतर पहिले सहा महिने सही किंवा नाव जुळत नाही म्हणून चेक परत करण्याआधी शाखेने खातेदाराला एक फोन करावा. फोन करूनही चेक परत गेला आणि चूक यंत्राची निघाली, तर शुल्क आपोआप परत द्यावे आणि समोरच्या पक्षाला लेखी कळवावे. तोपर्यंत जुना हिशेब शाखेत पाहता येईल अशी सोय ठेवावी. हे सारे साधा मुनीमही करतो. बँकेला ते अशक्य नाही.

आणि आपले काय?

दोष केवळ बँकेचा म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण आपल्या बाजारातली परिस्थिती आम्ही रोज पाहतो. अब्बाजानना जाऊन आठ-दहा वर्षे झाली तरी खाते त्यांच्याच नावावर. मोबाइल क्रमांक भाच्याचा, जो आता आखातात आहे. जीएसटीचा ओटीपी जातो कर सल्लागाराच्या फोनवर, कारण 2017 साली त्यानेच आपला क्रमांक घातला आणि आपण कधी बदलला नाही. तो सल्लागार उद्या रुसला किंवा अल्लाहला प्यारा झाला, तर दुकानाची चावी कोणाकडे? खाते हलते तेव्हा नवे यंत्र आपल्याला शोधते त्याच क्रमांकावर. आपण तिथे नसलो तर ते काय करील?

दोन वर्षे खातेदाराने काही देवघेव केली नाही की खाते निष्क्रिय ठरते, आणि दहा वर्षांनंतर त्यातील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. तीही बँकेमार्फत परत मागता येते. रिझर्व्ह बँकेच्या उद्गम या संकेतस्थळावर 2023 पासून अशी खाती शोधता येतात. पण जुन्या बँकेचे नावच गेले असेल आणि घरात पासबुक नसेल, तर वारसांनी शोधायचे तरी काय? म्हणून जुने पासबुक, जुना चेक, जुनी पावती टाकू नका. बँक विलीन झाली तरी तो कागद तुमची साक्ष आहे.

प्रत्येकाने येत्या महिन्यात एक दिवस काढावा. आपल्या प्रत्येक बँक खात्यातले, पॅनवरचे, आधारवरचे, जीएसटीतले आणि उद्यममधले नाव एका कागदावर एकाखाली एक लिहावे. जिथे फरक दिसेल तिथे आजच दुरुस्तीचा अर्ज द्यावा, आणि त्याची पोच घ्यावी. मोबाइल क्रमांक स्वतःचा करावा. ज्यांची सही उर्दूत आहे त्यांनी शाखेत जाऊन ती पडद्यावर पूर्ण दिसते का ते पाहावे. लाजू नये आणि सही बदलण्याचीही गरज नाही. कोणत्याही भाषेतली सही बँकेला चालते. वारसदाराची नोंद तपासावी. 1 नोव्हेंबर 2025 पासून चार जणांची नावे देता येतात. अर्थात नोंदलेली व्यक्ती पैसे स्वीकारणारी असते, वाटणी शरियतच्या हिश्शांप्रमाणेच करायची, हे घरात सांगून ठेवावे.

एक इशाराही द्यायला हवा. खाते हलते तेव्हा ठगांना सुगी येते. 'तुमचे खाते नव्या सर्व्हरवर जात आहे, पासवर्ड सांगा, ओटीपी सांगा, नाही तर बंद होईल' असे फोन येतात. नव्या यंत्रणेत पासवर्ड बहुधा नव्याने करावा लागतो, हे खरे. यंत्रात पासवर्ड आहे तसा ठेवलेला नसतो, त्याचे कूट रूप ठेवलेले असते, आणि जुन्या कुलपाचे ते रूप नव्याला लागतेच असे नाही. पण तो नवा पासवर्ड आपण स्वतः करायचा असतो. कोणाला सांगायचा नसतो. बँकेला तो विचारण्याची गरजच पडत नाही. कोणी फसलाच तर क्षणही न दवडता 1930 वर फोन करावा.

बँकेने चूक केली आणि ऐकले नाही, तर तोंडी भांडण करू नये. लेखी तक्रार द्यावी, तारीख आणि शिक्क्यासह पोच घ्यावी. तीस दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, आणि त्याला पैसे पडत नाहीत. आमच्या जमाती, बाजारपेठेचे व्यापारी मंडळ आणि मशिदींचे विश्वस्त यांनी जुम्माच्या नमाजनंतर अर्धा तास या कामासाठी ठेवला, एखाद्या शिकलेल्या मुलाने वयस्कर मंडळींचे कागद पाहिले, तर मोठे काम होईल.

ती पाड्यावरची बाई आजही आमच्या दुकानात येते. संगणकात आता तिचे खाते वेगळे आहे, आणि नावापुढे 'विहिरीजवळची' असे मराठीत लिहिले आहे. दर वर्षी बाकी पुढे ओढण्याआधी आम्ही तिला रक्कम विचारतो, मग संगणक पाहतो. अजून तरी तिची रक्कम चुकलेली नाही. आमच्याएवढा तरी विचार बँकांनी आपल्या खातेदाराचा करावा, आणि खातेदारांनी तिच्याएवढा तरी आपला हिशेब ध्यानात ठेवावा, एवढीच विनंती आहे. अल्लाह आपणा सर्वांच्या रोजीत बरकत देवो.